फाईल कुठे आहे? सीए ऑफिसच्या रेकॉर्डसाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस

ऑफिसात विंडोजचे चार-सहा कॉम्प्युटर असतील, ते केबलने जोडलेले असतील आणि जुनी फाईल कोणत्या कपाटात आहे एवढं चटकन कळायला हवं असेल, तर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हे डेटाबेस बनवायचं सॉफ्टवेअर घ्या. साहेबांना गाडीत बसून फोनवर बघायचं असेल, किंवा ऑफिसात मॅक असतील, तर त्या वाटेला जाऊ नका, कारण ॲक्सेस फक्त विंडोजवर चालतं. घाईत असाल तर इथवर वाचलं तरी पुरे. पुढचं सगळं ज्यांना ते खरोखर उभं करायचं आहे त्यांच्यासाठी.

मी नाशिकला शरणपूर रोडवरच्या एका सीए ऑफिसात रेकॉर्ड बघते, आवक-जावक बघते, आणि जे काम कुणाचंच नसतं तेही बघते. आमचे क्लायंट म्हणजे जवळजवळ अख्खा जिल्हा. लासलगावचे कांदा व्यापारी, पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्षवाले, सातपूर-अंबडची वर्कशॉप्स, सराफ बाजारातल्या पेढ्या. प्रत्येकाच्या दर वर्षाच्या दोन-तीन फाईली तरी होतातच: इन्कम टॅक्सची, जीएसटीची, ऑडिट असेल तर ती वेगळी. जुन्या लोकांच्या व्हॅटच्या आणि त्याआधीच्या सेल्स टॅक्सच्याही अजून आहेत. आमचं ऑफिस पूर्वी सराफ बाजारात होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यातले गठ्ठे भिजले. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजणारं हे गाव, तरी आम्ही सगळे फाईली जमिनीलगतच ठेवतो! नव्या जागेत रॅक उंच झाले, पण कोणत्या रॅकमध्ये काय आहे ते अजून एका लांबट रजिस्टरमध्ये आणि शिपाईकाकांच्या डोक्यातच होतं. काका गावच्या यात्रेला गेले की ऑफिसची स्मरणशक्ती रजेवर.

मधल्या काळात एका कंपनीचा माणूस तयार सॉफ्टवेअर दाखवून गेला. डेमो झकास. लॅपटॉपवर बटण दाबलं की फाईल समोर. मी दोनच गोष्टी विचारल्या. एक, उद्या तुमचं सॉफ्टवेअर बंद केलं तर आमची यादी एक्सेलमध्ये काढून मिळेल का? दोन, क्लायंटचं नाव मराठीत टाकता येईल का? पहिल्यावर तो ‘सपोर्टशी बोलून सांगतो’ म्हणाला, दुसऱ्यावर ‘मॅडम, आजकाल सगळे इंग्लिशच वापरतात.’ वर्षाला भाडं वेगळंच. विषय तिथेच संपला. कुणी काहीही विकायला आलं तरी हे दोन प्रश्न विचाराच.

आता ॲक्सेसकडे. हे काही नवं खूळ नाही, १९९२ पासून बाजारात आहे, आणि दिसायलाही तसंच दिसतं. सुंदर म्हणून कुणी घेणार नाही. पण टेबल (माहितीचा तक्ता), फॉर्म (माहिती भरायची-बघायची स्क्रीन), क्वेरी (हव्या त्या ओळी निवडून काढणारा प्रश्न) आणि रिपोर्ट (छापायची यादी) या चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात आणि प्रोग्रामर न बोलावता बऱ्यापैकी काम उभं राहतं. एक्सेल नीट येणारा माणूस यातलं निम्मं शिकतो. उरलेलं निम्मं म्हणजे एकच सवय: एक माहिती एकाच जागी लिहायची. क्लायंटचा पत्ता प्रत्येक फाईलसमोर पुन्हा लिहायचा नाही. एक्सेलमधून आलेल्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं, कारण एक्सेलने त्याला सगळं एका ओळीत बघायची सवय लावलेली असते.

आमच्याकडे चार टेबलं आहेत: क्लायंट, फाईल, जागा आणि हालचाल. क्लायंट एकदाच. फाईल त्या क्लायंटला जोडलेली. जागा म्हणजे कपाट, कप्पा आणि बॉक्स यांचा मिळून एक कोड. तोच कोड कपाटाच्या दारावर आणि बॉक्स फाईलच्या पाठीवर मोठ्या अक्षरात चिकटवलेला. ॲक्सेसमध्ये लेबलं छापायची सोय आतच आहे, बाजारात मिळणाऱ्या स्टिकरच्या शीटचं माप दिलं की झालं. हालचाल हे चौथं टेबल लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळा डेटाबेस त्याच्यासाठीच करायचा असतो. फाईल कोणी नेली, कधी नेली, परत कधी आली. परतीची तारीख रिकामी असेल त्या सगळ्या ओळी दाखवणारी क्वेरी मी रोज संध्याकाळी उघडते. कुणाच्या टेबलावर किती फाईली झोपल्या आहेत ते नावानिशी दिसतं. सरांचं नाव त्यात कायम वर. फाईल हरवते ती कपाटातून नाही, कुणाच्या तरी टेबलावरच्या ढिगातून हरवते. कपाटाची यादी कितीही चोख केली तरी हा प्रश्न सुटत नाही.

वापरायला सोपं कुणासाठी, हे आधी ठरवा. बनवणाऱ्याला ते नेहमीच सोपं वाटतं. आमच्याकडे फाईल शोधून आणतात काका, तेव्हा स्क्रीन काकांना जमली पाहिजे असं मी धरून चालले. त्यांना इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, टायपिंग नाही. म्हणून उघडल्या उघडल्या एकच फॉर्म येतो. वर एक मोठा चौकोन, त्यात नावाचा कुठलाही तुकडा टाका, मराठीत नाहीतर इंग्रजीत. पॅन टाका, नाहीतर गाव टाका. खाली यादी येते. यादीत पाचच रकाने: नाव, कोणत्या प्रकारची फाईल, वर्ष, जागेचा कोड, आणि आत आहे की बाहेर. बाहेर असेल तर ती ओळ लाल आणि पुढे नेणाऱ्याचं नाव. ॲक्सेसमधल्या कंडिशनल फॉरमॅटिंगने हे पाच मिनिटांत होतं. पहिल्या आराखड्यात मोबाईल नंबर, पत्ता, जीएसटी नंबर असं बरंच होतं. काकांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, मला कपाट सांगा, बाकी तुमचं तुमच्याकडे ठेवा.’ ते सगळं दुसऱ्या फॉर्मवर गेलं. ॲक्सेसचा डावीकडचा पट्टा, ज्यात सगळी टेबलं दिसतात, तो सेटिंगमध्ये जाऊन लपवून टाका. नाहीतर कोणीतरी नक्की थेट टेबल उघडून त्यात काहीतरी करून ठेवतं.

माहिती भरताना जिथे जिथे निवडून घेता येईल तिथे टाईप करू देऊ नका. तालुक्याचंच बघा. जिल्ह्यात पंधरा तालुके, म्हणजे यादी छोटीच. पण तालुका बागलाण आणि मुख्य गाव सटाणा, तेव्हा एक मुलगी बागलाण लिहिते, दुसरी सटाणा. त्र्यंबकेश्वरला कोणी नुसतं त्र्यंबक लिहितं. इंग्रजीत नाशिकचंच स्पेलिंग दोन तऱ्हेचं, एच असलेलं आणि नसलेलं, आणि जुन्या फर्मच्या लेटरहेडवर अजून एच नसलेलंच सापडतं. कॉम्बो बॉक्स (निवडीची खाली उघडणारी यादी) दिला, ‘यादीबाहेरचं चालणार नाही’ ही खूण केली, की हा सगळा घोळ मिटतो.

पॅनला इनपुट मास्क, म्हणजे लिहिण्याचा ठरलेला साचा, लावा: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, आणि सगळं आपोआप कॅपिटलमध्ये. चुकीचा पॅन आत शिरतच नाही असं नाही, पण शून्याच्या जागी ‘ओ’ लिहिलेला तरी अडतो. जीएसटी नंबरच्या पंधरा खुणांमध्ये सुरुवातीला राज्याचा क्रमांक, आपला २७, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच असतो. तेव्हा दोन्ही जुळतात का हे ॲक्सेसलाच तपासायला सांगता येतं. मात्र पॅनला क्लायंटची मुख्य ओळख करू नका. मालकीची फर्म भागीदारी झाली की पॅन बदलतो, आणि लोक मात्र ‘तीच आपली पेढी’ म्हणत जुनी फाईल मागतात. आपला स्वतःचा साधा अनुक्रमांक द्यावा आणि पॅन पुन्हा येणार नाही एवढी अट घालावी. जुना क्लायंट आणि नवा क्लायंट जोडायला एक रकाना ठेवलात की पेढीची वंशावळ तयार.

सीए आणि टॅक्सच्या ऑफिसातली खरी गोम वर्षात आहे. २०१६-१७ हे आर्थिक वर्ष, त्याचं कर निर्धारण वर्ष २०१७-१८. फाईलच्या पाठीवर कोणी हे लिहिलंय, कोणी ते. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये तर एकाच पानावर दोन्ही. डेटाबेसमध्ये एकच ठेवायचं: आर्थिक वर्ष, तेही सुरुवातीचा चार अंकी आकडा म्हणून. कर निर्धारण वर्ष क्वेरी स्वतः मोजून शेजारी दाखवते, लिहायचं कोणीच नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ही जोडगोळी जाऊन एकच टॅक्स इयर आलं, हे चांगलंच झालं. पण कपाटातल्या जुन्या फाईली काही नव्या कायद्याने नवं लेबल लावून घेणार नाहीत.

मराठीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. ॲक्सेसमध्ये युनिकोड मराठी (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेली आजची पद्धत) व्यवस्थित टाईप होतं, शोधलं जातं, छापलं जातं. टेबलांची आणि रकान्यांची आतली नावं इंग्रजीत ठेवा, मोकळी जागा न सोडता, आणि स्क्रीनवर दिसणारं नाव मराठीत द्या. त्यासाठी कॅप्शन नावाची वेगळी जागा आहे. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाईप केलेल्या याद्या असतील तर आधी कन्व्हर्टरमधून काढा, नाहीतर आत चित्रविचित्र चिन्हं भरतील. इथपर्यंत सरळ आहे. पण आमच्या निम्म्या द्राक्षवाल्यांच्या फर्मच्या नावात ‘ॲग्रो’ आहे, आणि शोधलं की निम्मेच सापडायचे. दिसायला दोन्ही ‘ॲग्रो’ सारखेच. एका कीबोर्डवर ॲ हे एकच अक्षर म्हणून पडतं, दुसऱ्यावर अ लिहून त्याच्या डोक्यावर चंद्र चढवला जातो. आपल्या डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन. हे एकसंध ॲ युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ साली, त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये जोडलेलंच जास्त. उपाय म्हणजे नाव सेव्ह होताना जोडलेलं काढून एकसंध अक्षर टाकणारी प्रोग्रामची एक ओळ, आणि शोधायच्या चौकोनालाही तीच ओळ. गंमत पुढे आहे: ॲक्सेसच्या व्हीबीए (प्रोग्राम लिहायची भाषा) खिडकीत देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून अक्षराऐवजी त्याचा क्रमांक द्यावा लागतो. अ म्हणजे २३०९, वरचा चंद्र २३७३, आणि एकसंध ॲ २४१८. हे तीन आकडे मी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलेत. आकड्यांचंही तसंच आहे. मजकुराच्या रकान्यात देवनागरी १२ आणि इंग्रजी १२ ही दोन वेगळी माणसं. बॉक्सचा नंबर कोणत्या आकड्यात लिहायचा ते पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

स्कॅनचा मोह सगळ्यांना होतो. ॲक्सेसमध्ये अटॅचमेंटचा रकाना आहे, तिथे पीडीएफ ओढून टाकली की बसते. टाकू नका. ॲक्सेसच्या एका फाईलची मर्यादा २ जीबी आहे, आणि रंगीत स्कॅन केलेल्या ऑडिट फाईली ती बघता बघता खाऊन टाकतील. स्कॅन सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवा, नाव फाईलच्या क्रमांकाचंच द्या, डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता. नुसत्या याद्या असतील तर २ जीबी आमच्यासारख्या ऑफिसला जन्मात पुरून उरतील. आणि सगळंच स्कॅन करायला बसू नका. आम्ही भागीदारी करार, खरेदीखतं, ऑर्डर आणि अपिलाचे कागद एवढंच करतो. व्हाउचरांचे गठ्ठे स्कॅन करून कुणाचं भलं झालेलं मला माहीत नाही.

चार जणांनी एकदम वापरायचं तर डेटाबेसचे दोन भाग करावे लागतात. त्याचं बटण आतच आहे. टेबलं एका फाईलमध्ये, ती सर्व्हरवर. फॉर्म आणि क्वेरी दुसऱ्या फाईलमध्ये, तिची एकेक प्रत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. एकच फाईल सगळ्यांनी नेटवर्कवरून उघडली तर चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी रुसते. पैसे वाचवायची जागा इथेच आहे: पूर्ण ॲक्सेस बनवणाऱ्याच्या एका कॉम्प्युटरवर पुरतं, बाकीच्यांवर ॲक्सेस रनटाईम टाका, ते फुकट आहे. त्यात फॉर्म चालतात, पण कोणाला आराखडा बदलता येत नाही. म्हणजे फायदाच.

टेबलांची फाईल वायफायवरून वापरू नका, आणि वनड्राईव्ह किंवा गुगल ड्राईव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर मुळीच ठेवू नका. लिहिता लिहिता कनेक्शन तुटलं की फाईल बिघडू शकते. केबल टाका, सर्व्हरला यूपीएस लावा. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कशी नाचते ते नाशिककरांना सांगायला नको. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाईल आवळून दुरुस्त करणारी आतलीच सोय) अधूनमधून चालवा, पण आधी कॉपी घेऊन आणि सगळ्यांना बाहेर पडायला लावून. बॅकअपची एक प्रत मी पेनड्राईव्हवर घरी नेते. त्यात लोकांचे पॅन आहेत, तेव्हा पासवर्ड लावलेलाच हवा. ॲक्सेसमध्ये पासवर्ड दिला की फाईल एन्क्रिप्ट होते.

फुकटातलं हवं असेल तर लिबरऑफिस बेस आहे. विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यांवर चालतं, मेनूही मराठीत मिळतो. एकट्या माणसाच्या ऑफिसला, एखाद्या वकिलाला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला, मी तेच सांगेन. पण त्याचा आतला डेटाबेस एका वेळी एकानेच वापरायचा. अनेकांना द्यायचं तर मागे मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस सर्व्हर उभा करावा लागतो, आणि मग जाणकार माणूस लागतोच. फॉर्म बनवायलाही ॲक्सेसपेक्षा जास्त चिकाटी लागते. स्कॅन करून मजकुरातूनच शोधायचं असेल तर पेपरलेस-एनजीएक्स हे वेगळ्याच जातीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते कागदाची प्रतिमा सांभाळतं. कपाट क्रमांक तीन सांभाळायला ते जन्मलेलं नाही.

शेवटचा रकाना तारखेचा: ही फाईल कधी काढून टाकायची. सरकारी कचेऱ्यांत अभिलेखाचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अ वर्ग कायमचा आणि ड वर्ग वर्षभरात निकाली. खाजगी ऑफिसात कुणी वर्ग करत नाही आणि मग सगळंच अ वर्ग होऊन बसतं. आमच्याकडे तारीख फाईलच्या प्रकारावरून निघते. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे. म्हणजे २०२१-२२ चं रिटर्न ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत भरायचं होतं, तेव्हा ती फाईल ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हलवायची नाही. अपील चालू असेल तर त्याहून पुढे. ऑडिटचे वर्किंग पेपर्स अहवालाच्या तारखेपासून सात वर्षं. कंपन्यांची हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. अपिलाच्या फाईलींसाठी म्हणून ‘वाद चालू’ असा एक टिकमार्कही ठेवलाय. तो असेल तर तारीख उलटली तरी फाईल यादीत येत नाही. मुदत संपलेल्यांची यादी रिपोर्ट म्हणून छापून निघते, खाली सरांच्या सहीची जागा. सही झाली की काका बॉक्स उतरवतात, पॅन-आधारच्या झेरॉक्स श्रेडरमध्ये जातात आणि मगच उरलेली रद्दी बाहेर. डेटाबेसमधली ओळ मात्र पुसायची नाही. तिथे ‘नष्ट’ आणि तारीख लिहायची. कारण ती फाईल मागायला क्लायंट येणारच, बहुधा पुढच्याच आठवड्यात, आणि तेव्हा त्याला दाखवायला सही केलेला कागद हवा.

पाचपैकी चार तारे देते. एक फोनसाठी कापला. फोनवर दिसलं असतं तर सरांनी काकांना सुट्टीतसुद्धा सोडलं नसतं, हेही आहे.